हाकेचं कलम

मोबाईलवर नवीन अ‍ॅप घेताना शेवटी एक छोटा चौकोन येतो. ‘मी अटी व शर्ती वाचल्या असून त्या मला मान्य आहेत.’ त्या चौकोनावर बोट ठेवणारा प्रत्येक माणूस खोटं बोलतो. मीही बोलते, आणि मी तर कॉलेजात संगणक शिकवते. खोटं न बोललेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, ते म्हणजे आमचे कापगते सर.

तुळशीराम कापगते. गोंदियात आमच्याच कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. मुलीने नवा फोन घेऊन दिला तेव्हा त्यांनी रिक्षा बोलावण्याचं अ‍ॅप उघडलं आणि त्या चौकोनापाशी येऊन थांबले. अटी कुठे आहेत, म्हणून मला विचारायला आले. मी दाखवल्या आणि म्हटलं, “सर, हे कोणी वाचत नाही.”

“मंग लिवते कायले?”

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्यांनी त्या सगळ्या अटी छापून आणल्या. चाळीसेक पानं निघाली. पुढचे तीन आठवडे ते स्टाफरूममध्ये पेपर तपासावेत तशी ती पानं लाल पेनाने तपासत बसले. समासात शेरे. ‘अस्पष्ट.’ ‘हे कोण ठरवणार?’ एका ठिकाणी तर ‘वाक्य पुन्हा लिहा.’ मग ते बाड रजिस्टर पोस्टाने कंपनीच्या पत्त्यावर रवाना केलं. सोबत पत्र, की अमुक अटी मान्य आहेत, अमुक मान्य नाहीत, दुरुस्ती करून कळवावे. कंपनीकडून काही आलं नाही. सरांनीही चौकोनावर बोट ठेवलं नाही. शेवटपर्यंत ते रस्त्याच्या कडेला उभे राहून हात दाखवूनच रिक्षा थांबवत राहिले.

आम्ही हसायचो. सगळ्यात जास्त मी.

तसे ते दिसायलाही हसण्यासारखेच होते. उंच, वाळके, शर्टाला खिसा एक आणि त्यात पेनं चार. भर मे महिन्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळून सायकलवर यायचे. डब्यात रोज भात आणि लाखोरीची डाळ. कोणी भाजी पुढे केली तर घ्यायचे, पण आपल्या डब्यातली डाळ समोरच्याच्या भातावर ओतल्याशिवाय ऐकायचे नाहीत. वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे. वर्गाबाहेर पाय पडला की थेट झाडीबोली, म्हणजे आमच्या भागातली बोली, मग समोर प्राचार्य असोत की शिपाई.

वर्गात प्रश्न विचारला की ते थांबायचे. नुसते थांबायचे. मुलं एकमेकांकडे बघत, कोणी खिडकीबाहेर बघे, पंखा तेवढा कुरकुरत राही. शेवटी मागच्या बाकावरची सालेकसाकडून आलेली एखादी पोरगी घाबरत घाबरत तोंड उघडायची. असं करून पोर्शन कधी पुरा होणार, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “पोर्शन काय, गाइड वाचूनबी पुरा होते. थे पोरगी बोल्ली ना आज?”

आणि एक पालुपद. कुठलाही विषय निघो, परीक्षेचं वेळापत्रक असो, रस्ता रुंद करायचा असो, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलेलं असो, सर शेवटी विचारायचेच: “तिले कोनी इचारलं का?” “त्यायले कोनी इचारलं का?” स्टाफरूममध्ये त्याची थट्टा व्हायची. चहात साखर टाकताना कोणीतरी ओरडायचं, “अरे, चहाले इचारलं का?” सर त्या थट्टेवर मनापासून हसायचे आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा तेच विचारायचे.

मग एके वर्षी फतवा आला की संशोधन आता आंतरविद्याशाखीय पाहिजे. म्हणजे दोन-तीन विषयांच्या लोकांनी मिळून केलेलं. आमच्याकडे याचा अर्थ एवढाच होता, की एका निबंधावर तीन नावं टाकायची आणि निबंध सगळ्यात धाकट्याने लिहायचा. ती धाकटी बहुतेक वेळा मीच असायचे. फतव्याला आमच्या कॉलेजात खरं मानणारा माणूस एकच निघाला. सर माझ्या लॅबच्या दारात चपला काढून आत आले.

“मॅडम, तुमचा संगनक, माजं राज्यशास्त्र आन जयस्वाल वकिलाचा कायदा. हे अ‍ॅपवाले नवीन धंदे उभे करून राहिले, त्याचे नियम कोन करून राहिला ते पाहू.”

जयस्वाल वकील संध्याकाळचे कायद्याचे वर्ग घ्यायचे. माणूस हुशार, तोंडात सदा पान, आणि बोलणं अस्सल गोंदियाचं, म्हणजे हिंदी. ते लगेच तयार झाले. प्राचार्य मात्र म्हणाले, “सर, हे मुंबई-बंगळुरूचे विषय. तुम्ही आपलं धानाच्या जातींवर काहीतरी करा.”

“सर, टेशनावरच्या अर्ध्या रिक्षा अ‍ॅपवर चालून राहिल्या,” कापगते सर म्हणाले. “त्या का बंगळुरूले चालून राहिल्या का?”

प्राचार्यांनी सही केली. डिजिटल नवोपक्रम, नवी व्यवसाय प्रारूपे आणि त्यांचे नियमन, असं लांबलचक नाव पडलं. मला वाटलं होतं, इंटरनेटवरून दहा निबंध उतरवू, त्यांची गोळाबेरीज करू आणि मोकळे होऊ. सर दुसऱ्या दिवशी स्टेशनबाहेरच्या स्टँडवर जाऊन बसले आणि मग दर शनिवारी बसू लागले. रिक्षावाल्यांच्या लेखी ते आधी इन्कम टॅक्सचे होते, मग पत्रकार, आणि शेवटी नुसते सर.

तिथेच आम्हाला वनिताबाई भेटल्या. चाळिशी ओलांडलेल्या, अंगाने बारीक, आवाज खणखणीत. विधवा. एक मुलगी, लग्न झालेली. बिड्या वळून वळून बोटं वाकडी झाली म्हणून त्यांनी ई-रिक्षा घेतली होती. स्टँडवरच्या रांगेत मोठ्या मुश्किलीने नंबर मिळवला, आणि अ‍ॅपवर सवाऱ्या जास्त मिळतात म्हणून तो सोडून त्या अ‍ॅपवर गेल्या. स्टँडचा नंबर एकदा सोडला की परत मिळत नाही. हे त्यांना माहीत होतं, तरी सोडला. अ‍ॅपवर रोज सकाळी स्वतःचा फोटो काढून पाठवावा लागे. एके दिवशी दाढ काढली होती, गाल टम्म फुगलेला. फोनने तो चेहरा ओळखला नाही आणि त्यांचं खातं बंद झालं.

“सर, यायचं हापिस कोठं आहे?” वनिताबाईंनी विचारलं. “म्या जाऊन दाखवतो ना तोंड. सूज उतरली आता.”

कंपनीच्या कागदांवर गोंदियातला एक पत्ता होता. सर त्यांच्याच रिक्षात बसून तो शोधायला निघाले, मलाही नेलं. मिठाईच्या दुकानावर दुसरा मजला. वर गेलो तर तिथे इंग्रजी बोलायला शिकवण्याचा क्लास चालू. कंपनीची माणसं सुरुवातीला महिनाभर इथे होती, रिक्षावाल्यांची नावं लिहून घेतली आणि गेली, असं क्लासच्या मास्तरांनी सांगितलं. वनिताबाईंना ते पटलं नाही. त्यांनी तिसरा मजलाही पाहिला, गच्चीही पाहिली. मग खाली येऊन रिक्षात बसल्या आणि बराच वेळ रिक्षा सुरूच केली नाही.

जयस्वालांनी वकिली नोटीस धाडली. तीन महिन्यांनी खातं जसं बंद झालं होतं तसंच, काही न बोलता, उघडलं. वनिताबाईंनी सरांना पेढे दिले. सरांनी पेढा हातात धरून विचारलं, “पन वनिताबाई, तुमाले कोनी इचारलं का?” कोणीच विचारलं नव्हतं.

आमच्या संशोधनाला हे एवढंच वाक्य पुरलं, असं म्हटलं तरी चालेल. वकील कायदे धुंडाळायचे, मी अ‍ॅप आतून कसं ठरवतं ते समजावायचे, आणि सर दोघांचं ऐकून पुन्हा तिथेच यायचे. माणसाची रोजी बंद करण्याआधी त्याला कोणी विचारायचं, आणि कसं?

उन्हाळी धानाचे दिवस होते. सर आम्हाला त्यांच्या गावी घेऊन गेले. चोरखमाऱ्याच्या तलावापासून थोडं आत त्यांचं गाव, आणि गावाची स्वतःची बोडी, म्हणजे लहान तळं. बोडीचं पाणी पाळीपाळीने बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, देतात. ते वाटणारा माणूस म्हणजे पाणकर. गावाने नेमलेला, सोमाजी नावाचा म्हातारा. आम्ही बोडीच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, उभे होतो. खाली देवाजी म्हणून कोणाची बांधी होती, तिचं पाणी बंद करून पुढच्याला द्यायची वेळ झाली होती. सोमाजींनी फावडं खाली ठेवलं, दोन्ही हात तोंडाशी नेले.

“ओ देवाजीऽऽ! पानी बंद करून राहिलो गाऽऽ!”

आणि ते खाली बसले. बिडी पेटवली. मी म्हटलं, “बाबा, करा ना बंद, सांगितलं की तुम्ही.” सोमाजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी पाण्यात विष घालायला सांगितलं होतं.

“ओ नाइ आली ना अजून.”

‘ओ’ आल्याशिवाय पाणी बंद होत नाही. ‘ओ’ देणारा काही अडचण सांगतो. कालच रोवणा, म्हणजे लावणी, झाला, घरात मयत आहे, बांध फुटला होता. ती खरी वाटली तर पाणकर पाणी ठेवतो. ‘ओ’ आलीच नाही तर उतरून घरापर्यंत जातो. हे कुठे लिहिलेलं नाही. किती पिढ्यांपासून आहे ते सोमाजींना माहीत नव्हतं. थोड्या वेळाने खालून देवाजीची ‘ओ’ आली, आणि पाठोपाठ, “बस एक कोपरा राह्यला गाऽ!” सोमाजींनी दुसरी बिडी काढली. वर्गात सर जे थांबत, ते कुठून आलं, हे मला तिथे कळलं.

“मॅडम, हेच,” सर म्हणाले. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. “याच्याहून जास्त काय पायजे कायद्यात?”

जयस्वाल पान थुंकून म्हणाले, “प्रोफेसर साब, कानून में दिल नहीं लिखते, धारा लिखते हैं।”

“तं लिवा ना धारा.”

त्याच सुमाराला राज्यात अ‍ॅपवर काम करणाऱ्यांसाठी नियम करायला एक समिती बसली आणि तिने लोकांकडून सूचना मागवल्या. आम्ही आमचा निबंध आणि त्यातून काढलेली कलमं पाठवायचं ठरवलं. बाकीची कलमं वकिलांनी लिहिली. हाकेचं कलम सरांनी स्वतः लिहिलं. ‘कोणाचेही खाते बंद करण्यापूर्वी त्या व्यक्तीस तिच्या भाषेत तोंडी हाक दिली जाईल, तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले जाईल, व त्यानंतरच निर्णय होईल.’

मी कागदावर ‘माणसाने’ हा शब्द वर लिहून म्हटलं, “सर, हे घाला. प्रत्यक्ष माणसाने हाक दिली पाहिजे, माणसाने ऐकलं पाहिजे.”

“हाक मानूसच मारते, मॅडम. का म्हस मारते?”

“यंत्रं आता बोलायला लागली आहेत, सर.”

“बोलू द्या. बोलनं येगळं, हाक मारनं येगळं.” त्यांनी माझा शब्द लाल पेनाने खोडला. “आन आपनच लिवलं का मानसानं आयकावं, तं मानूस नसलं तरी आयकनं होते, हे आपन कबूल केल्यावानी होते. आमच्या पाळीवर कोनी म्हनते का, हाक मानसानं मारा?”

“लिख दो, प्रोफेसर साब,” जयस्वाल म्हणाले. “एक शब्द से क्या बिगड़ता है?”

सर मानले नाहीत. जन्मभर एक हाक ऐकत आलेल्या माणसाला माणसाशिवायची हाक सुचूच शकत नव्हती. मला सुचत होती. बोलणाऱ्या यंत्रांचा धडा त्याच वर्षी माझ्या अभ्यासक्रमात आला होता. पण लॅबमध्ये मुलं प्रॅक्टिकलच्या परीक्षेला ताटकळत होती, बाहेरचे परीक्षक येऊन बसले होते. मी घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, “बरं.” त्या ‘बरं’ची मला आजही लाज वाटते.

सुनावणी नागपूरला झाली. थंडगार सभागृह, कंपन्यांचे कोटवाले लोक, भिंतीवर पडणारे आलेख. सरांना पाच मिनिटं मिळाली. त्यांनी झाडीबोलीतच बोडी सांगितली, सोमाजी सांगितले. समितीतल्या एका साहेबांनी विचारलं, “हाक म्हणजे नेमकं काय अभिप्रेत आहे?” सर उभे राहिले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि त्या सभागृहात जोरात ओरडले, “ओ सायेऽऽब!” आणि थांबले. आपल्या सवयीप्रमाणे नुसते थांबले. कोणी हलेना. शेवटी ते साहेब गोंधळून हळूच म्हणाले, “...ओ.” सगळं सभागृह हसलं. साहेबही हसले. सर म्हणाले, “बस. एवढंच म्हननं आहे आमचं.”

ते कलम जसंच्या तसं नियमांत आलं. एक अक्षर बदललं नाही. बातमी आली त्या दिवशी सरांनी सगळ्या कॉलेजला आलूबोंडे खाऊ घातले आणि कॉलेज सुटल्यावर स्टँडवर गेले. मी सोबत होते. वनिताबाईंना त्यांनी समोर उभं राहून, वर्गात शिकवावं तसं सांगितलं, “आता बंद कराच्या आधी मानूस फोन करन तुमाले. तुमचं सारं आयकून घेईन. भेवाचं नाइ. काय असन ते सांगाचं.”

“मानूस?” वनिताबाईंनी विचारलं.

“मानूस.”

सहा-सात महिने गेले. एका दुपारी सर आणि मी वनिताबाईंच्या रिक्षातून विद्यापीठाच्या कामाला निघालो होतो. उड्डाणपुलाच्या अलीकडे त्यांचा फोन वाजला. त्यांनी रिक्षा कडेला घेतली, फोन कानाला लावला, ऐकलं, आणि एकदम मागे वळल्या. डोळे मोठे झाले होते. “सर, कंपनीचा सायब!” त्यांनी आम्हालाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

आवाज पुरुषाचा होता, मऊ, थोडा थकलेला. “वनिताताई, गेल्या आठवड्यात तुम्ही बऱ्याच सवाऱ्या नाकारल्या. त्यामुळे तुमचं खातं बंद करण्याचा विचार आहे. त्याआधी तुमचं म्हणणं ऐकायचं आहे. बोला, मी ऐकतोय.”

वनिताबाई बोलू लागल्या. मुलीची डिलिव्हरी होती, सरकारी दवाखान्यात तीन दिवस. बाळ उलटं होतं. जावई कामाला हैदराबादला. रात्रंदिवस एकटीच होते, सायब, फोन हातात होता पण सवारी कशी घेऊ. आवाज मधे मधे म्हणे, “हं... समजलं.” बाळ झालं म्हणाल्या तेव्हा म्हणाला, “हो का? अभिनंदन, ताई.” वनिताबाईंना रडू आलं. त्या मग दाढेचं बोलल्या, बिड्यांचं बोलल्या, नवरा कसा गेला ते बोलल्या. आवाजाने एकदाही मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाला, “तुमचं म्हणणं पूर्ण ऐकलं, ताई. निर्णय कळवला जाईल. धन्यवाद.”

सरांनी माझा हात दाबला. सरांनी कधी कोणाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “मॅडम, आयकलं? पुरं आयकून घेतलं ना जी तिचं!”

मी ऐकलं होतं. प्रत्येक ‘समजलं’च्या आधीचा थांबा तेवढाच होता. प्रत्येक ‘हं’मध्ये तोच एक उसासा होता. मला दुसऱ्याच ‘हं’ला कळलं होतं. 

खातं दुसऱ्या दिवशी सकाळी बंद झालं.

तरी सर म्हणत होते की वरच्या साहेबाने केलं असेल, ऐकणाऱ्याचा काय दोष. मी आठ दिवस गप्प राहिले. मग मला राहवेना. स्टेशनवरच्या आणखी दोघा अ‍ॅपवाल्यांना असे फोन आले होते आणि दोघांनीही ते बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. शनिवारी मी ते दोन्ही फोन मागून घेतले आणि सरांच्या दोन कानांना लावले. एकात “हं... समजलं, दादा,” दुसऱ्यात “हं... समजलं, दादा.” एकाचा भाऊ वारला होता, दुसऱ्याची गाडी बिघडली होती. उसासा तोच. सर पुन्हा लावायला सांगत होते. चार वेळा ऐकलं. मग फोन खाली ठेवून त्यांनी विचारलं, “मंग तिकडं कोनीच नवतं?”

“नव्हतं, सर.”

“बाळाचं सांगतलं तवाबी?”

मी मान हलवली. सरांनी फोन ज्याचे त्याला परत दिले, सायकल घेतली आणि गेले. त्या शनिवारनंतर ते स्टँडवर बसले नाहीत.

आम्ही काही केलं नाही असं नाही. सरांनी लाल पेनाने खोडलेला तो शब्द आता मागत आम्ही पत्रांवर पत्रं लिहिली. समिती केव्हाच बरखास्त झाली होती. सरकारी खात्याकडून उत्तर आलं: हाक दिली गेली आहे, म्हणणे ऐकले व नोंदवले गेले आहे, त्यामुळे नियमाचे पालन झाले आहे. जयस्वाल ते पत्र वाचून म्हणाले, “सही तो कह रहे हैं, मैडम। हमने यही लिखा था।” कोर्टात जाऊ म्हणाले, पण त्यांच्या स्वतःच्या आवाजातच दम नव्हता. वर आमचा निबंध गाजला. लोकपरंपरेतून आधुनिक नियमन कसं घडवता येतं याचं उदाहरण म्हणून तो सांगितला जाऊ लागला, परिषदांची बोलावणी येऊ लागली. माझ्या नावापुढे त्याचे गुण लागले, मला बढती मिळाली. सरांनी एकही बोलावणं घेतलं नाही. एका पत्राला मात्र उत्तर लिहिलं: ‘सदर कलम चुकीचे आहे. कृपया कोणी अनुसरू नये.’ ते उत्तर विनयाचा नमुना म्हणून कोणीतरी एका भाषणात वाचून दाखवलं, असं ऐकलं.

पुढे सर निवृत्त झाले आणि गावी गेले. तिथेच वर्षाच्या आत वारले. झोपेत गेले, असं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी. त्यांनी फोन करून विचारलं, “मॅडम, मले वनिताबाईच्या घरी नेता का? तिले खरं सांगाचं आहे. माज्या तोंडानं सांगतलं पायजे.”

बालाघाट रोडकडे एका वस्तीत घर. दारात ई-रिक्षा प्लास्टिकच्या कागदाखाली उभी. स्टँडवाल्यांनी नंबर परत दिला नव्हता. वनिताबाई ओट्यावर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होत्या. सरांना पाहून सूप बाजूला ठेवून उठल्या, चटई टाकली. सर बसले. मी स्कूटीपाशीच थांबले. सरांनी नातवाची विचारपूस केली, धानाचं बोलले, गावी जातोय म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, “वनिताबाई, तो फोन आलता ना तुमाले...”

“त्याचंच मनात येते, सर,” वनिताबाई म्हणाल्या. “खातं गेलं तं गेलं. नशीब आपलं. पन त्या सायबानं आयकलं किती! मधात बोलला बी नाइ. माजा नवरा, देव त्याचं भलं करो, त्यानं बी माजं एवढं कदी आयकलं नाइ. मायनं नाइ. तुमी बी घाईत असता, सर.” त्या हसल्या. “बाळ झालं म्हनलं तं अभिनंदन म्हनला. परका मानूस. म्या मनात म्हनतो, जगात एक तरी मानूस आहे, ज्याले आपलं सारं माईत आहे. आयकत होता ना तो, सर? मनापासून?”

“होय,” सर म्हणाले. “आयकत होता.”

वनिताबाईंनी चहा केला. सरांनी तो बशीत ओतून प्यायला आणि निघाले. स्कूटीवर माझ्यामागे बसले. रेल्वे फाटकाशी थांबावं लागलं तेव्हा मी धीर करून म्हटलं, “सर, चूक माझी आहे. मला माहीत होतं. मी जोर करायला पाहिजे होता.”

मालगाडी गेली, फाटक उघडलं.

“तुमी सांगतलं होतं, मॅडम,” मग ते म्हणाले. “म्याच नाइ आयकलं.”

मी त्यांना बसस्टँडवर सोडलं. त्यांच्या गावाकडची, तिरोड्याची गाडी लागलेली होती. सर वर चढले. माझ्या बाजूची खिडकी रिकामी होती, पण ते पलीकडच्या बाकावर जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून. कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी निघाली.